ही जिग कुणाची?

१

आमच्याकडे रीत अशी आहे की जिग, म्हणजे नाचाची धून, वाजवून झाली की ऐकणारा विचारतो, "कुणाची?" वाजवणाऱ्याने मग ज्याच्याकडून घेतली त्याचं नाव सांगायचं, आणि त्याच नावाने ती जिग पुढे जाते. एकतीस वर्षं मी माझ्या स्वयंपाकघरात फिडल, म्हणजे आमचं व्हायोलिन, शिकवली. सूर चुकला तर एक वेळ मी सोडून द्यायचे, पण "कुणाची?"ला उत्तर नसेल तर त्या दिवशी चहा नाही. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडे.

मे महिन्यातल्या एका शनिवारी माझी लेक इमेल्डा एनिस शहरातून घरी आली. ती तिथल्या वाचनालयात कामाला होती. पोरीला सव्विसावं लागलं होतं, आणि दारातून आत येतानाच ती ओरडली, "आई, पातेलं उतरव आणि बस. थेडी लिनन वाजवायला तयार झाला!"

"तो? तो तर माणसाशी धड बोलत नाही."

"केक नेला होता मी."

"माझा?"

"तुझा कसला! तुझा नेला असता तर त्याने फिडल खिडकीबाहेर फेकली असती."

थेडी लिनन म्हणजे आमच्या भागातला सगळ्यात जुना वादक. जिल्ह्याच्या वृद्धाश्रमात होता, खुब्याचं हाड मोडून दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. इमेल्डाने टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला, मी सोडा घातलेला पाव कापायला घेतला आणि आम्ही ऐकू लागलो.

काय जिग होती ती! अशी मी आयुष्यात ऐकली नव्हती. पहिला भाग अगदी साधा, दोनदा. मग दुसरा भाग वर चढतो, आणि तिथे एक सूर आहे, धड खालचाही नाही आणि वरचाही नाही, दोहोंच्या मधला. तो लागला आणि माझ्या हातातली सुरी थांबली. दुसऱ्या भागापासून पायाचा ठेकाही सुरू झाला, टाच आणि चवडा, टाच आणि चवडा.

"पाय मात्र झकास ठोकतो हं म्हातारा," मी म्हटलं.

इमेल्डा माझ्याकडे बघत राहिली. "आई, तो पलंगावर पडून वाजवत होता. पाय रजईत होते त्याचे."

"मग तू ठोकत असशील."

"मी मायक्रोफोन धरून श्वास रोखून बसले होते."

"मग खोलीत आणखी कुणी असेल."

"नव्हतं कुणी. आणि तिथली जमीन गुळगुळीत मऊ रबराची आहे. तिच्यावर कसला आवाज यायला?"

टेपवरचा आवाज दगडाचा होता. माझ्या आजोबांनी चुलीपुढच्या फरशीखाली घोड्याची कवटी पुरली होती. तेव्हा सगळेच पुरत. फरशी खालून पोकळ राहिली की नाचताना टाच जशी घुमते तशी दुसऱ्या कशावर घुमत नाही, आणि तो आवाज मी पाळण्यात असल्यापासून ओळखते. टेपच कुठेतरी खडखडत असेल, असं मी मनाशी ठरवलं आणि पावाला लोणी लावलं.

टेपच्या शेवटी इमेल्डाचा आवाज आला, "कुणाची म्हणू?"

थेडीने फिडल खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "कुणाचीच नाही. नाव ठेवू नकोस हिला. पोरी, ऐकतेयस ना? नाव ठेवू नकोस."

आम्ही दोघी हसलो. आमच्याकडचे जुने वादक असेच. मोठेपणा घ्यायचा नाही, मला कसलं येतंय, असंच म्हणायचं. खरा मोठा माणूस आहे, असं मी म्हटलं. पुढच्या बुधवारपासून इमेल्डा एनिसच्या वादकांच्या बैठकीत ती वाजवू लागली, आणि कुणी विचारलं की आदराने सांगू लागली, "लिननची."

२

थेडी जूनमध्ये गेला. नव्वदीला टेकलेला माणूस जातोच, त्यात काय नवल. पण दफन झाल्यावर वृद्धाश्रमातली नर्स माझ्याजवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "तुमच्यापैकी कुणी त्याचे बूट नेले होते का हो?"

"बूट? कशाला?"

"पलंगाखाली होते. दोन वर्षं कुणी हात लावला नव्हता, नुसती धूळ साचलेली. तो गेला त्या सकाळी बघते तर बुटांचे तळ पार झिजलेले. भोकं पडली होती."

त्याच्या मापाचे बूट कुणा दुसऱ्या म्हाताऱ्याने वापरले असतील, असं मी तिला म्हटलं, आणि तिलाही ते पटलं. पटण्यासारखंच होतं ना?

जुलैमध्ये गावात उन्हाळी वर्ग भरतो. माझ्या वर्गात चाळीस जण होते, कॉर्कचे, बॉस्टनचे, दोन तर जर्मनीचे, आणि प्रत्येकाच्या पायाशी टेपरेकॉर्डर. शेवटच्या दिवशी मी ती जिग शिकवली. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "कुणाची?"

लिननची म्हणायचं होतं. ते माझ्या जिभेवर आलंही होतं. पण म्हातारा मातीआड झाला होता आणि जिग तर माझ्या लेकीने उकरून काढली होती. दोन बस बदलून, केक घेऊन, तासभर मनधरणी करून. शेजारणी माझ्या तोंडावर विचारायच्या, तिचं लग्न कधी, ती नुसती पुस्तकं लावत बसते का. माझी छाती फुगली.

"इमेल्डाची," मी म्हटलं.

चाळीस जणांनी आपापल्या कॅसेटवर ते लिहून घेतलं. जर्मन बाईने स्पेलिंग विचारलं, तेही मीच सांगितलं.

३

सप्टेंबरात एका शनिवारी दुपारी इमेल्डाचा फोन आला. हसतच बोलत होती.

"आई, खालच्या मजल्यावरचा ग्लीसन माझ्यावर जाम भडकलाय. म्हणे मी रोज दुपारी तीन वाजता वर नाचते. अगं, तीन वाजता मी वाचनालयात शिक्के मारत असते!"

"उंदीर असतील."

"म्हणाला, उंदीर असतील तर बूट घातलेले आहेत."

मी पण हसले. हसता हसताच मला तो ठेका ऐकू आला. तिच्या आवाजाच्या मागे, जरा लांबून. टाच, चवडा. टाच, चवडा.

"तुझ्याकडे कुणी आलंय का गं?"

"नाही. का?"

"फोन कुठे आहे तुमचा?"

"जिन्यात. आई, काय झालं?"

"जिना दगडी आहे?"

"लाकडी आहे. सगळं घरच लाकडी आहे, म्हणून तर ग्लीसन बोंबलतो. तुझं काय चाललंय?"

लाईन खराब असेल, असं मी म्हटलं. तारेवरून काहीही ऐकू येतं, एकदा तर मला कुणाचं तरी लग्न ठरताना ऐकू आलं होतं. मी फोन ठेवला आणि आमच्या चुलीपुढच्या फरशीवर एकदा टाच आपटून पाहिली. तोच आवाज आला.

४

थेडीच्या आधी ही जिग कुणाची होती ते सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं. नोनी टॅल्टी, वय एक्याण्णव, टेकडीपलीकडे एकटी राहणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. मी फिडल काढली आणि पहिल्या भागाच्या जेमतेम चार मात्रा वाजवल्या.

"बंद कर," नोनी म्हणाली. "इथे नको."

"ओळखलीत?"

"माझ्या बहिणीची आहे. किटची."

"किट वाजवायच्या?"

"किटने जन्मात फिडल हातात धरली नाही. एकदा पुलाजवळच्या घरी नाच होता, आणि ती नाचली अशी की सगळे भिंतीला टेकून बघत राहिले. फिडलवाला खूश झाला. म्हणाला, आजपासून ही किटची. कौतुकाने म्हणाला बिचारा. दोन महिन्यांत किट गेली. एकोणीस वर्षांची होती."

"कशाने गेल्या?"

नोनीने मुठीतले उरलेले दाणे टाकले. "पाय," ती म्हणाली.

"त्याच्या आधी कुणाची होती?"

"आधी एका विधवेची. त्याआधी कुणा लोहाराची. नेहमी कुणाची ना कुणाची असतेच ती. तुम्ही समजता, नाव म्हणजे कुणाकडून आली. अगं बये, नाव म्हणजे कुणाकडे जायची."

अंगणात लख्ख ऊन होतं. कोंबड्या पायात घोटाळत होत्या, आणि मला मात्र थंडी वाजत होती.

"थेडीला ठाऊक होतं," नोनी म्हणाली. "तो पुलाजवळचा फिडलवाला थेडीच. सत्तर वर्षं त्याने ती कुणापुढे काढली नाही, वाजवली तर एकट्याने, बिननावाची. मग कुणीतरी शहाणी गेली टेप घेऊन."

"माझी मुलगी गेली," मी म्हटलं. "आणि मी... मी चाळीस जणांना तिचं नाव सांगितलं."

नोनीने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मग आता नाव काढून टाकता येईल? मी सांगते सगळ्यांना, नाव नाही म्हणून."

"लोक नाव सोडत नाहीत, डीलिया. तू सोडू देतेस का तुझ्या वर्गात? दुसरं दिलं तरच पहिलं जातं."

टेकडी उतरताना माझं ठरलं होतं. दुसरं नाव माझ्याकडे होतंच की. साठ वर्षं वापरलेलं, कुणाला फारसं न लागणारं.

५

मी पत्रं लिहिली. बॉस्टनला, कॉर्कला, त्या जर्मन बाईला. "माझी चूक झाली. ती जिग इमेल्डाची नाही, माझी आहे. कृपा करून डीलियाची म्हणा." रोज दुपारी सायकल काढून एकेका गावात जायचे, वाजवणाऱ्यांना गाठायचे, हात जोडायचे. लोक माझ्याकडे कसे बघत ते मला कळत होतं. म्हातारपणी बाईला नावाचा सोस सुटलाय!

फ्लॅन कर्टिन रेडिओवर दर रविवारी दुपारी गाण्याबजावण्याचा कार्यक्रम करायचा. माणूस लाघवी, जिल्हाभर त्याचा शब्द चालायचा. त्याने रेडिओवर नाव घेतलं की ते पक्कं झालं. मी त्याला गाठलं तेव्हा त्याचा चेहरा पडला.

"डीलियाबाई, रागावू नका, पण पोटच्या पोरीचं नाव खोडून स्वतःचं घालायचं? तुम्ही? आम्हाला 'कुणाची' विचारून विचारून रडवणाऱ्या तुम्ही?"

"खोडायचंच आहे मला. विचारू नकोस का ते."

"बघतो," तो म्हणाला. बघतो म्हणजे काय ते सगळ्यांनाच कळतं.

हे इमेल्डाच्या कानावर गेलंच. तिने लगेच फोन केला. म्हणाली, "एक गोष्ट होती आई. माझ्या नावाची एकच गोष्ट. तीही बघवली नाही तुला?"

मी तिला सगळं सांगितलं. थेडीचे बूट, किट, नोनीचं बोलणं. सांगताना मलाच ऐकू येत होतं की हे किती खुळ्यासारखं वाटतंय. तिने फोन आपटला. त्या दिवशी मी चुलीपाशी बसून पोटभर रडले. तिला माझा तिरस्कार वाटला तरी चालेल, पण ती राहिली पाहिजे, एवढंच मागत होते.

ऑक्टोबरात मी न सांगता एनिसला गेले. इमेल्डा कामावर गेलीच नव्हती. दारापर्यंत यायला तिला भिंतीचा आधार लागला. गालफडं आत गेली होती. पायात तीन-तीन मोजे.

"नवे बूट चावले," ती म्हणाली.

"दाखव."

"आई, नको ना."

मी मोजे काढले. तळव्यांवर कातडी अशी उरलीच नव्हती.

"डॉक्टर म्हणतात त्वचेचा काहीतरी आजार आहे," ती म्हणाली, आणि मग एकदम लहान झाली. "आई, मी दुपारी जरा पडते ना, उठते तर पाय दुखत असतात. मी कुठे जाते गं?"

मी तिला टॅक्सीत घालून घरी आणलं. त्या रात्री फ्लॅनला फोन केला आणि ज्या बाईने आजवर कुणाची मिनतवारी केली नाही ती मी, त्याच्यापुढे हमसाहमशी रडले. म्हटलं, या रविवारी नाव बदल, बदल्यात माझी फिडल घे, आजोबांची आहे, घे.

"फिडल राहू द्या," फ्लॅन घाबरून म्हणाला. "करतो मी काहीतरी. दोघींचं मन राहील असं करतो. शब्द देतो."

त्याच्या बोलण्यातला "दोघींचं" हा शब्द मी त्या वेळी ऐकला नाही.

६

रविवार उजाडला तो स्वच्छ. पावणेतीनला मी इमेल्डाला चुलीजवळ बसवलं, परातीत मिठाचं कोमट पाणी घेतलं आणि तिचे पाय त्यात सोडले. दाराची खालची फळी लावलेली होती, वरची उघडी, अंगणातला उजेड थेट आत येत होता. मी माझी खुर्ची बरोबर त्या फरशीवर ठेवली. पायात माझे चांगले बूट घातले. यायचंय ना, ये मग. मी तयार होते. खरं सांगते, इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"बूट कशाला घातलेस?" इमेल्डाने विचारलं.

"असेच."

"आई, मी तुझ्यावर चिडले होते. आता नाही."

"माहितेय मला. गप्प बस, पाय हलवू नकोस."

रेडिओवर फ्लॅन आला. "मंडळी, एका सुंदर जिगवरून एका घरात आई आणि लेकीचं भांडण चाललंय," तो म्हणाला, आणि स्टुडिओतली माणसं हसली. "आई म्हणते माझी, जग म्हणतं लेकीची. मी म्हणतो, भांडता कशाला? आज इथे तीस फिडलवाले जमलेत आणि आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. आजपासून देशात, परदेशात, सगळीकडे या जिगचं नाव एकच. 'डीलियाची लेक'!"

टाळ्या पडल्या.

"अगं, किती गोड केलं गं त्याने!" इमेल्डा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

तीस फिडली सुरू झाल्या. पहिला भाग एकदा. मी रेडिओकडे झेपावले, खुर्ची आडवी झाली, बटण पिळलं. रेडिओ बंद झाला, जिग बंद झाली नाही. कुठल्या कुठल्या घरांत त्या घटकेला ती वाजत असेल, माझं एक बटण पिळून काय होणार होतं? पहिला भाग दुसऱ्यांदा. परातीतलं पाणी थरथरायला लागलं.

मी खाली बसले आणि तिचे दोन्ही घोटे पाण्यात घट्ट धरले. "इमेल्डा, माझ्याकडे बघ. माझ्याकडे!"

ती माझ्या डोक्यावरून दाराकडे बघत होती.

मीही वळून पाहिलं. वरच्या अर्ध्या दारातून अंगण दिसत होतं, दोरीवरचे कपडे, भिंत, आभाळ. कुणी नव्हतं. दारात माणूस उभा असता तर छातीपासून वर दिसलाच असता. मग माझी नजर खाली गेली. खालच्या फळीखाली चार बोटं फट आहे, कोंबड्या तिथूनच आत घुसतात. त्या फटीत बुटांची दोन टोकं होती. जुने, खिळे मारलेले, ओल्या मातीचे. घरात शिरायच्या आधी माणूस थांबतो तसे, अगदी उंबऱ्याला लागून.

दुसरा भाग लागला. तो मधला सूर आला, आणि इमेल्डाने केस कानामागे सारले. पहिल्याच नाचाला कुणी बोलवायला यावं तशी ती लाजली.

"हो," ती दाराकडे बघून म्हणाली. "येते ना."

७

पोलिसांना मी एवढंच सांगितलं की मी धरून होते आणि ती सुटून दाराबाहेर गेली. त्यांनी माझे सोललेले हात बघितले आणि पुढे काही विचारलं नाही.

जिग सगळीकडे वाजते. गेल्या वर्षी एक जपानी मुलगा भेटायला आला होता, त्यालाही येत होती. फार सुरेख वाजवली त्याने. अजून कुणी विचारलं, "कुणाची?" तर मी सांगते, "डीलियाची." लोक प्रेमाने हसतात. माझा हात हातात घेतात आणि म्हणतात, "डीलियाची लेक म्हणायचंय तुम्हाला."

मी वर्ग बंद केला. रोज दुपारी तीन वाजता खुर्ची फरशीवर ठेवते, चांगले बूट घालते, दाराच्या दोन्ही फळ्या उघडते आणि बसते. मला न्यायला कुणी येत नाही.